कूटस्थळांपाशी थांबणारा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील एखादी जुनी, सर्वतोमुखी झालेली मालिका पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांत एक वर्ग असा असतो की, ज्याला कथेचा शेवट केव्हाच पाठ झालेला असतो आणि तरीही जो पडद्यासमोरून उठत नाही, कारण त्याचे लक्ष कथेपेक्षा तिच्या सांध्यांवर खिळलेले असते. मागच्या भागात डाव्या दंडावर असलेली वाकी या भागात उजव्या दंडावर कशी आली, निरोप घेताना मावळलेला सूर्य दाराबाहेर पाऊल टाकताच पुन्हा डोक्यावर कसा चढला, पहिल्या काही भागांत एखाद्या पात्राने सहज उच्चारलेल्या वाक्याचा उलगडा पुढे पन्नासाव्या भागात होणार होता हे लेखकाला तेव्हाच ठाऊक होते काय, असे प्रश्न हा प्रेक्षक विचारतो. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचा संबंध ज्या गोष्टीशी आहे, तिला चित्रीकरणाच्या व्यवसायात ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एका दालनात घडणारे सगळे प्रसंग, मग ते कथेत वर्षांच्या अंतराने का असेनात, सोयीसाठी एकदमच उरकले जातात. त्यामुळे वेशभूषा, केशरचना, हातातील वस्तू आणि प्रकाश यांचा मेळ राखण्यासाठी नोंदी ठेवणारा स्वतंत्र माणूस नेमावा लागतो. तिसरा प्रश्न मात्र मेळाचा नसून संकेताचा, म्हणजे कर्त्याने हेतुपुरस्सर पेरून ठेवलेल्या खुणेचा आहे. चूक आणि खूण या दोन्ही गोष्टी एकाच नजरेला दिसतात, आणि पुष्कळदा त्या एकमेकींसारख्याच दिसतात, ही या विषयातील मूळ अडचण आहे.

हा विषय आधुनिक आणि परका मानण्याची प्रथा पडून गेली आहे. परदेशी मालिकांच्या चाहत्यांनी जोपासलेला तो एक रिकामटेकडा छंद आहे आणि स्वस्त इंटरनेटबरोबर तो इकडे आला, अशी त्याची सर्वसाधारण संभावना होते. प्रस्तुत विवेचनाची दिशा वेगळी आहे. माहीत असलेली कथा पुन्हा ऐकताना तिच्यातील विसंगतीपाशी थांबणे ही मराठी श्रोत्याची जुनी सवय असून दूरचित्रवाणीने तिला केवळ नवे साधन पुरवले, असे येथे मांडायचे आहे. आणि त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन गावांचा आधार घेतला आहे. दिवा-पनवेल-रोहा या लोहमार्गावरची ही गावे. कोकण रेल्वेची हद्द जेथून सुरू होते ते रोहा आणि त्याच्या अलीकडचे पेण. पेण गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध, रोहा कुंडलिका नदीच्या काठचे आणि धावीरमहाराजांच्या पालखीचे. दोन्हींपैकी एकातही मोठा चित्रनिर्मितीगृहाचा पसारा नाही. तरीही मालिका पाहणाऱ्याचा विचार येथून करणे सोयीचे का ठरते, हे पुढे दिसेल.

आरंभ महाभारतापासून करणे भाग आहे, कारण खुणा पेरण्याची आणि त्या शोधण्याची आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कथा तेथेच आहे. व्यासांनी सांगायचे आणि गणेशाने लिहायचे असे ठरले तेव्हा लेखणी क्षणभरही थांबता कामा नये अशी अट गणेशाने घातली, आणि अर्थ कळल्यावाचून एकही अक्षर उतरवायचे नाही अशी उलट अट व्यासांनी घातली. मग श्वास घेण्यापुरती सवड मिळावी म्हणून व्यास मध्येच एखादा गाठ मारलेला श्लोक सांगत आणि सर्वज्ञ गणेशालाही त्यापाशी थांबून विचार करावा लागे. अशा श्लोकांना कूटश्लोक म्हणतात आणि परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. कथेच्या वेगाला अडवणारी आणि वाचणाऱ्याला मागेपुढे पाहायला लावणारी जागा, हा ‘कूट’ या शब्दाचा अर्थ प्रस्तुत विषयाला तंतोतंत लागू पडतो, म्हणून पुढील विवेचनात अशा जागांना कूटस्थळे म्हटले आहे. या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, वि. स. सुखठणकर यांच्यासारख्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ओळीला ओळ लावून ताडून पाहिली आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. त्या आवृत्तीत गणेशाच्या लेखनाची ही कथा मूळ संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे, कारण ती मागाहून आल्याचे हस्तलिखितांच्या साक्षीवरून दिसते. विसंगती शोधणाऱ्यांनी विसंगती शोधणाऱ्यांच्या दैवतालाच परिशिष्टात बसवले. एवढा मिश्किल योगायोग कोणत्याही मालिकेच्या लेखकाला सुचला नसता.

सुखठणकरांचे काम आणि मालिकेच्या चाहत्याचा उद्योग यांना एका पंक्तीला बसवणे काहींना औचित्यभंग वाटेल. दोहोंच्या शिस्तीत आणि व्यासंगात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे उघड आहे. परंतु प्रश्नाची जात एकच आहे. येथे असे म्हटले, तेथे तसे म्हटले, मग यांतले आधीचे कोणते आणि हा बदल कोणी, का केला? मराठी वाचकाला या प्रश्नाची गोडी लागली ती विद्वानांच्या खंडांमुळे कमी आणि त्यांच्या आधाराने लिहिल्या गेलेल्या पुस्तकांमुळे अधिक. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये विदुर आणि युधिष्ठिर यांच्या नात्याविषयी एक शंका मांडली आहे: विदुराला धर्माचा अंश मानलेले आहे, युधिष्ठिर धर्माचा पुत्र आहे, आणि मरणसमयी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या शरीरात प्रवेश करतो, तेव्हा हे नाते काका-पुतण्याचे की पिता-पुत्राचे? इरावतीबाईंनी ते सिद्ध झाल्याचा आव आणला नाही. त्यांनी फक्त दूरदूर विखुरलेल्या खुणा एका ठिकाणी आणून ठेवल्या. आता १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागत असताना, ज्याने ‘युगान्त’ वाचले होते त्याला वीरेंद्र राझदान यांचा विदुर युधिष्ठिराकडे ज्या वेळी पाहतो त्या प्रत्येक वेळी काय दिसत असेल, याची कल्पना करावी. मालिकेच्या कर्त्यांनी ती खूण पेरलेली नव्हती. ती प्रेक्षकाने घरून आणली होती. शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ किंवा रणजित देसाईंचा ‘राधेय’ वाचून बसलेल्या घरात कर्णाच्या प्रत्येक प्रवेशावर अशीच उलटतपासणी चाले आणि पडद्यावरचा कर्ण बिचारा दोन-दोन कादंबऱ्यांना जबाब देत उभा असे.

मयसभेचा प्रसंग या बाबतीत बोलका आहे. पाण्याला जमीन समजून दुर्योधन पडतो आणि द्रौपदी त्याला आंधळ्याचा मुलगा आंधळाच असे म्हणून हिणवते, हे मालिका पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. मात्र चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी हे बोल नाहीत. तेथे हसणाऱ्यांत भीम आणि इतर पांडव आहेत, आणि द्रौपदी हसल्याचे जे काही कळते ते दुर्योधनाने पुढे बापापुढे केलेल्या तक्रारीतून कळते. साक्षीदाराचाच हेतू संशयास्पद असताना त्याच्या साक्षीवर किती विसंबायचे, हा येथला खरा प्रश्न आहे. मालिकेने तो प्रश्न मिटवून टाकला आणि एका स्त्रीच्या तोंडी एक वाक्य घालून सगळ्या युद्धाला सोयीस्कर कारण मिळवून दिले. चाणाक्ष प्रेक्षक ज्या चुका काढतो त्यांत अशा चुका सर्वांत मोलाच्या असतात, कारण त्यांत वाकीची जागा बदललेली नसते, दोषाची जागा बदललेली असते.

या पार्श्वभूमीवर पेण आणि रोहा ही नावे अचानक आलेली वाटणार नाहीत. महाभारतातील भीष्मपर्वात जी गीता आहे तिचे गेल्या शतकातील दोन थोर निरूपणकार या परिसरात जन्मले. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले. विनोबांच्या ‘गीता प्रवचनां’ची जन्मकथा तर मालिकेच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आठवड्याची खंडित गती आणि मागील रविवारचा धागा या रविवारी पुन्हा हाती देण्याची जबाबदारी, ही सारी घडण साप्ताहिक मालिकेचीच आहे. आठवले यांच्या स्वाध्याय परिवारात पुढे त्यांची प्रवचने व्हिडिओ फितींवरून गावोगाव दाखवली जाऊ लागली, म्हणजे पडद्यासमोर बसून शास्त्रार्थ ऐकण्याची सवयही येथे नवखी राहिली नाही. अशा प्रदेशात रविवार सकाळची पौराणिक मालिका आली, ती रिकाम्या पाटीवर लिहायला आली नव्हती.

रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’ची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे प्रेक्षक संहितेपेक्षा चेहऱ्यांकडे अधिक पाहत होता. २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झालेली ही मालिका महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातेत उंबरगावला चित्रित झाली आणि तिच्यात मराठी माणसांच्या ओळखीचे चेहरे पुष्कळ होते. जयश्री गडकर कौसल्या होत्या, बाळ धुरी दशरथ होते आणि ती दोघे प्रत्यक्षातही पती-पत्नी होती. ललिता पवार मंथरा होत्या, संजय जोग भरत होते. जुन्या मराठी चित्रपटांतून जयश्रीबाईंना पाहत आलेल्या बायकांना कैकेयीच्या महालाकडे वळणाऱ्या दशरथाविषयी जो जास्तीचा राग आला असेल, त्याचे मूळ वाल्मीकींत सापडणार नाही. पडद्यावरचे नाते आणि पडद्याबाहेरचे नाते यांची सरमिसळ हाही एक दुवाच असतो, आणि तो जुळवण्यासाठी प्रेक्षकाला विद्वत्ता लागत नाही, केवळ स्मरण लागते. विजय कविश यांनी त्याच मालिकेत शिव आणि वाल्मीकी या दोन्ही भूमिका केल्या होत्या. देवाने कवीच्या रूपाने येऊन स्वतःच्या आराध्याची कथा सांगावी, असा अर्थ एखाद्या भाविकाने त्यातून काढला तर त्याला चूक ठरवणे कठीण आहे, जरी त्यामागचे कारण बहुधा निर्मितीच्या सोयीचे असले तरी.

त्या वेळी दोन भागांमध्ये आठवडा जात असे. मुंबईच्या मनोऱ्यावरून येणारी लहर डोंगराआड अडली की चित्रात मुंग्या येत, कोणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं, गेलं’ असा पुकारा होई. अशा पाहण्यात वाकी कोणत्या दंडावर होती हे आठवणार कोणाला? मेळ बिघडलेला असला तरी मधले सात दिवस तो सावरून घेत. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांचे पुनःप्रक्षेपण सुरू केले तेव्हा मात्र दिवसाला दोन-दोन भाग दाखवले जाऊ लागले. सात दिवसांचे अंतर काही तासांवर आले आणि जुनी शिवण उसवून दिसू लागली. याच दिवसांत प्रेक्षकांच्या ध्यानात आले की, ‘रामायणा’त एकच नट कधी ऋषी, कधी सैनिक, कधी आणखी कोणी म्हणून पुन्हा पुन्हा समोर येतो आहे. ते अस्लम खान. तेहेतीस वर्षे ज्यांचे नाव कोणी विचारले नव्हते, ते या नजरेमुळे काही आठवड्यांत देशभर ओळखले जाऊ लागले. चुका काढणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. मेळाच्या दृष्टीने जो दोष होता, त्यातूनच एका दुर्लक्षित कलावंताला त्याचे श्रेय मिळाले.

नजर फसते त्याचेही उदाहरण त्याच काळातील आहे. ‘महाभारता’तील भीष्मांच्या मागे चक्क कूलर दिसतो असे म्हणणारे एक स्थिरचित्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरले आणि हस्तिनापुरातील उकाड्याविषयी यथेच्छ विनोद झाले. त्यावर, ही वस्तू कूलर नसून खांबावरील नक्षी आहे, असे दुसऱ्या प्रेक्षकांनी त्या दालनाचे बांधकाम दाखवून म्हटले. चूक पाहणाऱ्याची चूक पाहणारा आणखी एक प्रेक्षक उभा राहिला. आदल्याच वर्षी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेत मेजवानीच्या मेजावर विसरलेला कॉफीचा पेला प्रेक्षकांनी पकडला होता आणि निर्मात्यांनी तो नंतर चित्रातून पुसून टाकला होता. बहुधा तो प्रकार डोक्यात ताजा असल्यामुळे येथे नक्षीतही कूलर दिसला. अशा प्रकारची सामुदायिक तपासणी प्रथम पडद्यावर नव्हे, पुस्तकांवर झाली. डॉ. वॉटसनची युद्धातील जखम एका कथेत खांद्याला तर दुसरीत पायाला कशी, यावर शेरलॉक होम्सच्या वाचकांनी गंभीर चेहऱ्याने निबंध लिहिले, आणि रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ साली केलेल्या विवेचनापासून हा खेळ मान्यता पावला. त्या खेळाचा एकच नियम आहे: लेखक विसरला असे कधीही म्हणायचे नाही. विसंगतीला कथेच्या आतच कारण शोधायचे. आपल्याकडील टीकाकार, म्हणजे ग्रंथावर टीका लिहिणारे पंडित, याच नियमाने शतकानुशतके वागत आले. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात महाभारतावर ‘भारतभावदीप’ लिहीत होते तेव्हा व्यास विसरले असतील हा पर्याय त्यांच्यापुढे नव्हताच.

आता पेणच्या कारखान्यांकडे वळले पाहिजे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत वर्षभर गणपती घडतात. शाडू किंवा प्लास्टर साच्यात भरले जाते, सुटलेले भाग जोडून सांधे ओल्या हाताने मिटवले जातात, मूर्ती सुकते, घासली जाते, रंगते आणि सरतेशेवटी डोळ्यांची आखणी होते, म्हणजे बारीक कुंचल्याने बुबुळ, पापणी आणि भुवई रेखली जाते. ही कामे वेगवेगळ्या हातांची असतात. पुष्कळ मूर्ती कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या, बाहेरगावी जातात आणि त्यांचे डोळे भलत्याच गावी उघडतात. क्रम मोडून तुकड्यातुकड्यांनी केलेले आणि अखेरीस एकसंध दिसायला हवे असे हे काम असल्यामुळे, मेळ या गोष्टीचे व्यावहारिक ज्ञान चित्रीकरणाच्या नोंदवहीखालोखाल कोठे असेल तर ते येथे आहे. सांधा दिसला की मूर्ती परत येते.

या कारखान्यांवर मालिकांचा परिणाम उघड दिसला तो ‘जय मल्हार’च्या वेळी. झी मराठीवर मे २०१४ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत अलिबागचे देवदत्त नागे खंडोबा झाले होते, आणि लवकरच गणेशोत्सवात ‘जय मल्हार’ रूपातल्या गणपतीला मागणी आली. हे वाटते तितके सोपे नाही. खंडोबाच्या हाती परंपरेने खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र. गणपतीच्या हाती पाश, अंकुश, मोदक आणि आशीर्वाद. हात चारच. कोणते आयुध आत घ्यायचे आणि कोणते सोडायचे, फेट्याखाली कान किती झाकायचे, सोंडेने झाकलेल्या छातीवर मालिकेतला दागिना कोठून दिसू द्यायचा, हे ठरवण्यासाठी मालिका ज्या बारकाईने पाहावी लागते ती बारकाई करमणुकीसाठी पाहणाऱ्याकडे नसते. मालिकेतला शेला वाऱ्यावर हलतो. मातीत त्याची एकच घडी गोठवायची असते, आणि ती अशी निवडावी लागते की गिऱ्हाईकाने पाहताक्षणी ‘हाच तो’ म्हणावे. चाहता विसंगती शोधून हसतो किंवा वाद घालतो. मूर्तिकाराला ती सोडवून साचा काढावा लागतो, कारण त्यामागे हंगामाची मजुरी अडकलेली असते. मालिकेच्या सूक्ष्म प्रेक्षणाचा एवढा कठोर व्यवहार अन्यत्र क्वचितच आढळेल, आणि रसिकांच्या अभ्यासात त्याची दखल घेतली जात नाही ही उणीवच म्हटली पाहिजे.

जतनाचा प्रश्नही याला लागून आहे. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ध्वनिचित्रफीत महाग असल्याने पुसून पुन्हा वापरली जाई. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊ जोडी त्या पिढीला आजही डोळ्यांसमोर दिसते ती बव्हंशी आठवणीच्या बळावर. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे असेच पुसले गेलेले भाग चाहत्यांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे निदान कानांपुरते वाचले. ज्यांना अतिचिकित्सक म्हणून हिणवले जाते, त्यांच्याच कपाटांतून हरवलेले धागे परत मिळतात.

राहता राहिला मोडका दात. महाभारत लिहिताना लेखणी तुटली म्हणून गणेशाने स्वतःचा दात मोडून तो टाक म्हणून वापरला, असे एक कथा सांगते. दुसरी सांगते की, शिवाच्या दारी अडवल्यामुळे परशुरामाने परशू फेकला आणि तो पित्याने दिलेले शस्त्र म्हणून गणेशाने निमूटपणे दातावर झेलला. हा परशुराम तोच, ज्याने समुद्र हटवून कोकणची भूमी मिळवली असे कोकणात मानतात. तिसऱ्या कथेत चंद्र हसल्याच्या रागात दात मोडून त्याच्यावर फेकलेला आहे. तिन्ही कथा एकदम खऱ्या असू शकत नाहीत, आणि त्या तिन्ही ठाऊक असलेले गिऱ्हाईक भाद्रपदाआधी पेणला येऊन, मूर्ती फिरवून, सोंडेचा वळसा, हाताचा मोदक आणि डोळ्यांची आखणी निरखून पाहते. साच्यात मोडका दात एकच आहे. तो कोणत्या कथेतला, हे अद्याप कोणी विचारलेले नाही. तो पुरा करून द्या, असेही कोणी म्हटलेले नाही.